एचआयव्ही पॉझिटिव्ह आलोय. घरात कुणाला कळू न देता औषध सुरू करता येईल का?

येईल. एवढंच हवं असेल तर इथेच थांबा. पण तुमच्या प्रश्नात दोन वाक्यं अशी आहेत की ती वाचून गप्प बसवत नाही. पहिलं, सीडी४ बद्दल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या रक्तातल्या मोजणीबद्दल: 'सीडी४ ५१२ आहे, ओळखीचे डॉक्टर म्हणाले इतक्यात घाई नको.' दुसरं, 'गोळ्या आईच्या औषधांच्या डब्यात ठेवीन, म्हणजे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या भरल्या घरात कुणाला संशय येणार नाही.' पहिला सल्ला शिळा आहे. दुसरी युक्ती त्याहून वाईट आहे, आणि ती का वाईट हे औषधाच्या खिडकीवर सांगायला कुणाला वेळ नसतो.

आधी ५१२ चा निकाल लावू. २००४ साली भारतात ही औषधं सरकारतर्फे फुकट मिळू लागली तेव्हा सीडी४ २०० च्या खाली गेल्यावर गोळ्या सुरू करत. मग ती रेघ ३५० वर आली, मग ५०० वर, आणि २०१७ मध्ये पुसलीच गेली. रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे उपचार सुरू, आकडा काहीही असो. ५०० च्या वर सीडी४ असलेल्यांवरच केलेला 'स्टार्ट' नावाचा मोठा अभ्यास २०१५ साली आला. त्यात ३५ देशांतले ४,६८५ लोक होते. लगेच गोळी सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी निघाले. तुमचे ओळखीचे डॉक्टर अडाणी नाहीत, त्यांनी हा विषय सोडला तेव्हाची रेघ त्यांच्या डोक्यात राहिली आहे. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, गोळी सुरू करा.

तपासणी केंद्रातून मिळालेली चिठ्ठी, आधार आणि फोटो घेऊन सयाजी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राला जा. तिथे तुमच्या उपचाराची नोंद ठेवणारं व्हाइट कार्ड बनतं, ते सेंटरमध्येच राहतं. तुमच्या हाती ग्रीन बुक, म्हणजे तुमची स्वतःची नोंदवही येते. हिमोग्लोबिन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृतासाठी एसजीपीटी, साखर, सीडी४, कावीळ बी आणि सी, गुप्तरोगाची तपासणी हे सगळं फुकट होतं. शिवाय चार प्रश्न विचारतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. 'खोकला तसा जुनाच आहे' असं म्हणून ते उडवून लावू नका. टीबी असेल तर आधी टीबीची औषधं आणि साधारण दोन आठवड्यांनी ही गोळी, असा क्रम लागतो. तो उलटा झाला तर माणूस औषधाने सुधारायच्या ऐवजी तापाने फणफणतो. टीबी नसेल तर टीबी होऊ नये म्हणूनही एक कोर्स देतात. तो 'मला तर टीबी नाही' म्हणून टाकून देऊ नका. सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी, नाहीतर आठवड्याच्या आत गोळी हातात पडते.

कावीळ बी चा रिपोर्ट मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. या गोळीतली दोन औषधं कावीळ बी च्या विषाणूलाही दाबून धरतात. तो पॉझिटिव्ह असेल आणि तुम्ही मनाने गोळी बंद केलीत, तर दाबलेला विषाणू उसळून यकृतावर येतो.

गोळी म्हणजे टीएलडी: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत. दिवसातून एक. जेवून घ्या, उपाशीपोटी घ्या, एकादशीला घ्या, चालते. 'रात्री झोपतानाच घ्यायची' हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. तो नियम जुन्या गोळीचा. तिच्यातल्या एफाव्हिरेन्झने गरगरायचं आणि भलती स्वप्नं पडायची, म्हणून ती रात्री देत.

आता तो डबा. डोल्युटेग्रॅव्हिर काम कसं करतं ते ऐका, म्हणजे पाठांतर करावं लागणार नाही. विषाणूला आपला मजकूर आपल्या पेशीच्या मजकुरात शिवायला एक सुई लागते, इंटिग्रेज नावाची. तिच्या टोकाशी मॅग्नेशियमचे कण असतात. डोल्युटेग्रॅव्हिर नेमके तेच कण पकडून बसतं आणि सुई बोथट होते. म्हणजे हे औषध मुळातच धातूला चिकटणारं आहे. पोटातच त्याला मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह किंवा जस्त भेटलं तर ते तिथेच मिठी मारून बसतं, रक्तात उतरतच नाही. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या ॲन्टासिडबरोबर घेतलं तर रक्तातली मात्रा सुमारे तीन-चतुर्थांशाने घटते. गोळी खाल्लीत आणि पाव गोळीच पोचली.

आईच्या डब्यात काय असतं? कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, जेवणानंतर चघळायची ॲन्टासिडची वडी, आणि वैद्याकडचं काही असेल तर शंखभस्म, प्रवाळ, मंडूर. शंख आणि प्रवाळ म्हणजे कॅल्शियम, मंडूर म्हणजे लोह. त्यात लपवणाऱ्याची आणखी एक सवय असते: संशय येऊ नये म्हणून चारचौघांत तो 'ॲसिडिटीचं घेतोय' म्हणतो आणि खरोखरच दोन्ही एकदम तोंडात टाकतो. सेव-उसळीवर तर्री ओतून खाणाऱ्या शहरात हे कारण कुणालाही पटतं, तीच तर पंचाईत आहे.

हिशेब असा. ॲन्टासिड घ्यायचंच तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाला एक सवलत आहे: भरपेट जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात, उपाशीपोटी नाही. ॲन्टासिडला ती सवलत नाही, जेवणाबरोबरही नाही. ॲसिडिटीचा रोजचाच त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून पॅन्टोप्राझोल घ्या, त्याने या गोळीला काही होत नाही. नुसत्या सोड्याच्या पुडीत मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम नसतं, तिचं एवढं भय नाही.

आणि आता माझं जुनं भांडण. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमधल्या विषाणूंची मोजणी, काढतात. तो हजाराच्या वर आला की गोळ्या मोजायला घेतात. दिलेल्या ३०, उरायला हव्यात तितक्या उरल्या का? महिन्यात एक चुकली तर ९७ टक्के, दोन चुकल्या तर ९३, आणि ९५ च्या खाली आलात की बोलणी. पण मोजणी चोख निघूनही लोड वर असला की टेबलापलीकडून एकच वाक्य येतं, 'पेशंट खोटं बोलतो, गोळ्या फेकून देतो.' फेकणारे असतात, नाही म्हणत नाही. पण मोजणी बाटलीतून किती बाहेर आल्या ते सांगते, रक्तात किती पोचल्या ते नाही. 'त्या तासात अजून काय काय खातोस' हा प्रश्न विचारल्याशिवाय माणसाला खोटारडा ठरवणं हा आळस आहे. त्या आळसापायी पुन्हा समुपदेशन, तीन महिन्यांनी पुन्हा लोड आणि मग वरच्या दर्जाची औषधं, असा प्रवास उगाच होऊ शकतो. तुमच्यावर ती वेळ आली तर हा विषय तुम्हीच काढा, भस्मासकट.

टीएलडी तिच्या स्वतःच्या बाटलीतच ठेवा. आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका, ती दमटपणा शोषते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे काय हवा असते ते माहीत आहे. लेबल सोलून टाका. बाटली खुळखुळते म्हणून लोक गोळ्या कागदात बांधतात, त्याऐवजी झाकणाखाली कापसाचा बोळा बसवा. आठवड्याच्या सात खणांच्या डबीत सात गोळ्या काढून ठेवल्या तरी चालतं, महिनाभराच्या नको.

वेळ. मकरपुऱ्याच्या कारखान्यात तुमच्या तीन शिफ्ट फिरतात असं लिहिलंय. मग 'सकाळी उठल्यावर' हा नियम तिसऱ्या आठवड्यात मोडणारच. तिन्ही शिफ्टमध्ये जागे असाल अशी वेळ धरा. सात-तीन, तीन-अकरा, अकरा-सात असेल तर रात्री साडेआठ बसते: पहिलीत घरी, दुसरीत जेवणाच्या सुटीत, तिसरीत निघायच्या आधी. दुसऱ्या शिफ्टला एक गोळी खिशात न्यायची, बाटली नाही. विसरलात तर आठवताक्षणी घ्या. पुढची गोळी चार तासांच्या आत असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

सुरुवातीचे काही आठवडे झोप उडू शकते, डोकं दुखू शकतं. झोपेचा त्रास फारच झाला तर वेळ दुपारकडे सरकवा. वजन वाढतं, काहींचं बरंच. पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडं वर जातं. डोल्युटेग्रॅव्हिर मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर टाकायची एक वाट अडवतं, त्यामुळे आकडा चढतो, मूत्रपिंड बिघडलेलं नसतं. पण टेनोफोव्हिर खरोखर बिघडवू शकतं, तेव्हा आकडा चढतच राहिला तर सेंटरला दाखवा. स्वतःच निदान करून गोळी बंद करू नका. ताप आला, मानेत गाठी आल्या, तरी तेच: गोळी चालू ठेवून सेंटरला जा. अंगातली फौज जागी झाली की दडून बसलेला टीबी उघडा पडतो.

घरी सांगण्याबद्दल. कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. सेंटर तुमच्या घरी किंवा कारखान्यात परस्पर सांगू शकत नाही, आणि या कारणावरून नोकरीवरून काढता येत नाही. वहिनीच्या ताटातून, भावाच्या टॉवेलमधून, पुतण्याला कडेवर घेऊन हा रोग जात नाही, तेव्हा त्यांना सांगणं हे कर्तव्य वगैरे नाही. पण निदान एकाला सांगा. घरात कुणालाच माहीत नसलं की गोळी डब्यात लपते, लग्नाला गावी गेल्यावर राहते, पाहुणे बसलेत म्हणून दोन तास पुढे जाते. आई स्थळं बघतेय म्हणता, तिथे मात्र माझं मत कडक आहे: मुलीला साखरपुड्याआधी सांगायचं. व्हायरल लोड दाबला गेला आणि दाबलेलाच राहिला की शरीरसंबंधातून विषाणू जात नाही. युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासांत असा एकही संसर्ग सापडला नाही. म्हणजे संसार होतो, मुलंही होतात. पण हे तिला कळून तिने हो म्हणायला हवं. लोड दाबला गेल्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत कंडोम, आणि आधीचं कुणी जोडीदार असेल तर तिची तपासणी. ती निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा.

राहिलेलं: तुम्ही मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत असाल तर या गोळीबरोबर दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नको. फिटची काही औषधं चालू असतील, किंवा टीबीसाठी रिफॅम्पिसिन लागलं, तर डोल्युटेग्रॅव्हिर कमी पडतं. रिफॅम्पिसिन असेल तर ५० ची वेगळी गोळी बारा तासांनी जोडतात आणि ते संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवतात. ही औषधं पहिल्याच दिवशी सांगा, नुसत्या बोलण्याने नाही, चिठ्ठ्या दाखवून. 'एचआयव्ही मुळापासून बरा' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, तशी जाहिरात करणं बेकायदा आहे. बोलायला कुणी नसेल तर १०९७ ला फोन लावा, पैसे पडत नाहीत. आणि बाटली संपायच्या चार-पाच दिवस आधी सेंटरला जा, त्यात दिवाळी येत असेल तर आठवडाभर आधी.