ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी जेवणानंतरची साखर वाढलेलीच का येते?

भाकरी चांगलीच, पण शेवटी तीही पिठाचीच. तीन-तीन खाल्ल्या तर आकडा चढणारच. एकीवर या. आधी कोशिंबीर, उसळ किंवा घट्ट वरण पोटात जाऊ द्या, भाकरी मागाहून. या क्रमाने खाल्लं की साखर हळू चढते. जेवण झालं की आडवं न होता 10-15 मिनिटं चाला, गच्चीवरच्या येरझाऱ्याही चालतील. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

आणि एकादशीची साबुदाणा खिचडी? ती तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, उपवास म्हणून सूट नाही! इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते. फरक पडला का, ते तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून बघा.