सीईटीला 98.2 पर्सेंटाईल आहेत; सीओईपीत कॉम्प्युटर मिळेल का, की वर्षभर थांबू?

तू लिहिलंयस त्यावरून मला समजलं ते असं. बारावी कराडमधून झाली, सीईटीला (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) 98.2 पर्सेंटाईल, म्हणजे साधारण 98.2 टक्के मुलं तुझ्या मागे, देशपातळीवरच्या जेईई मेनला 91, ओबीसी प्रवर्ग, वडील शेतकरी. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत कॉम्प्युटर शाखा हवीय आणि ती नाही मिळाली तर ड्रॉप घ्यायचा (वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायची), असं घरात चाललंय. मी सांगली जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते. निकालानंतर मुलं ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने केलेली यादी) घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगला ओळखीचा आहे.

आधी सरळ उत्तर. सीओईपीचं कॉम्प्युटर एवढ्या पर्सेंटाईलवर मिळत नाही. खुल्या गटात तिथली शेवटची जागा गेली काही वर्षं 99.8 च्या वरच भरते आणि ओबीसी मुलींच्या जागाही 98.2 पर्यंत खाली उतरत नाहीत. मुंबईच्या व्हीजेटीआयचंही तसंच. म्हणून सीओईपीच गेलं, असं मात्र समजू नकोस. सिव्हिल, मेटलर्जी, मॅन्युफॅक्चरिंग या शाखा तुझ्या आवाक्यात आहेत. मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशन सीमेवर. सांगलीच्या वालचंद कॉलेजला कॉम्प्युटर आणि आयटी दोन्ही सीमेवर धर. कराडच्या शासकीय कॉलेजात आयटीची आशा चांगली आहे. जेईईच्या 91 वर एनआयटीचा (केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांचा) विचार करण्यात अर्थ नाही, आणि राज्यातल्या नावाजलेल्या कॉलेजांत जेईईवर भरल्या जाणाऱ्या ऑल इंडिया जागांसाठीही तो स्कोअर पुरत नाही. तुझं सगळं गणित सीईटीवरच आहे.

आता हे अंदाज मी कशावरून बांधते ते सांगते, म्हणजे तुला माझ्यावर किंवा कुणा यूट्यूबवाल्यावर विसंबून राहावं लागणार नाही.

पर्सेंटाईल बाजूला ठेव आणि मेरिट नंबर बघ. 2024 मध्ये पीसीएम गटाची परीक्षा साधारण तीन लाख मुलांनी दिली, 2025 मध्ये चार लाखांहून जास्त. तीन लाखांत 98.2 म्हणजे तुझ्यापुढे सुमारे 5,400 जण. सव्वाचार लाखांत तेच 98.2 म्हणजे साडेसात हजारांच्या वर. पर्सेंटाईल तेवढंच, रांगेतली जागा दोन हजारांहून जास्त मागे. कॉलेजातल्या जागा काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून ‘मागच्या वर्षी माझ्या मावसभावाला 98 वर मिळालं’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. ही परीक्षा आणि प्रवेश सांभाळणारं राज्याचं सीईटी सेल प्रत्येक प्रवेश फेरीनंतर कटऑफची (कुठली जागा कितीवर भरली त्याची) पीडीएफ काढतं. तिच्यात प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर असतो आणि खाली कंसात पर्सेंटाईल. सगळे कंसातला आकडा वाचतात. तू वरचा वाच, आणि अंतिम गुणवत्ता यादीत तुझा जो नंबर येईल तो त्याच्याशी ताडून बघ. कॅपला (राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेला) नोंदणीच न करणारे बरेच असतात, त्यामुळे तुझा नंबर या हिशेबापेक्षा थोडा पुढेच येईल.

त्याच पीडीएफमध्ये चौकटींवर कोड असतात, ते नीट समजून घे. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटी एस म्हणजे राज्यस्तरीय, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची. सीओईपी, व्हीजेटीआय, वालचंद, कराड इथे तुला एस दिसेल. ज्या खासगी कॉलेजांत एच आणि ओ दिसतं, तिथे 70 टक्के जागा त्या विद्यापीठाच्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना. तुझं होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ, कारण बारावी कराडमधून झाली. हे बारावीच्या ठिकाणावरून ठरतं, घराच्या पत्त्यावरून नाही. सातारची मुलगी बारावीला लातूरला गेली असेल तर तिचं होम युनिव्हर्सिटी नांदेडचं होतं, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा पुण्याच्या अशा कॉलेजांत तू स्वतःला ओच्या चौकटीत शोध, एचच्या नाही. तिथला नंबर बहुतेक वेळा जास्त कडक असतो.

तू ओबीसी मुलगी आहेस म्हणून चार वेळा तेच कॉलेज भरावं लागत नाही. कॉलेज आणि शाखा एकदाच भरायची. खुल्या जागा, मुलींच्या खुल्या जागा, ओबीसी, ओबीसी मुली, यातलं काय बसतं ते यंत्रणा आपोआप तपासते.

आता यादीचा क्रम. इथे मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि तेही उगाच. मुलं ‘मिळेल’ ते वर टाकतात आणि ‘हवंय’ ते खाली. कारण विचारलं तर सांगतात की वरचं नाही मिळालं तर खालचंही जाईल. तसं होत नाही. यंत्रणा तुझ्या नंबरवर वरून खाली येत जाते आणि जिथे जागा मिळते तिथे थांबते. सीओईपीचं कॉम्प्युटर पहिलं टाकलंस तर दहाव्या क्रमांकावरच्या कराडच्या आयटीची शक्यता तसूभरही कमी होत नाही. उलट नको असलेलं वर टाकण्यात खरा धोका आहे. 2025 च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी काही मिळालं तर ते, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. नाकारलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. यंदाची माहितीपुस्तिका उघडून हा नियम आधी वाच. असा नियम असेल तर यादीतल्या पहिल्या सहा ओळींत एकही असं नाव असता कामा नये, जे मिळाल्यावर तुझा चेहरा पडेल.

यादीत मोठी नावं दहा टाक, बरोबरीची पंधरा-वीस, आणि नक्की मिळतील अशी आठ-दहा. शेवटच्या गटातही मनापासून चालेल असंच टाक. इस्लामपूरजवळचं (आताचं ईश्वरपूर) आरआयटी कॉलेज, कराडचं शासकीय, ही काही ‘नाइलाज’ म्हणून भरायची कॉलेजं नाहीत. कराडचं कॉलेज 1960 पासून आहे, त्याचे विद्यार्थी सगळीकडे आहेत. घराजवळ आहे म्हणून त्याची किंमत कमी करू नकोस.

सीओईपीची मेटलर्जी की कराडचं आयटी, हा तुझ्यापुढचा खरा प्रश्न होईल. सीओईपी 1854 पासूनची संस्था आहे, त्या वातावरणाचं मोल मला मान्य आहे. पण तू लिहिलंयस की अकरावीपासून पायथॉन शिकतेस आणि त्यात रमतेस. धातूंबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस. मी तुझ्या जागी असते तर वालचंदचं कॉम्प्युटर आणि आयटी वर, त्याखाली कराडचं आयटी, आणि मग सीओईपीच्या बाकीच्या शाखा असं लावलं असतं. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळते असं कुणी सांगेल. मोजक्या जागा, त्याही रिकाम्या राहिल्या तर, आणि तिकडे डोळा ठेवून बसलेली सगळी हुशार मुलं. त्या भरवशावर चार वर्षं पणाला लावू नकोस.

कागदपत्रांचं आजच बघ. जात पडताळणीचं प्रमाणपत्र आणि चालू वर्षाला लागू असलेलं नॉन क्रिमीलेअर हातात नसेल तर तू खुल्या गटात मोजली जाशील आणि वरचे माझे सगळे अंदाज कोसळतील. मुदतवाढ मिळते कधीकधी, पण तिच्यावर विसंबू नकोस. आणखी एक गोष्ट वडिलांना सांग, कारण मला वाटतं ड्रॉपच्या चर्चेमागे खर्चाची धास्तीही आहे. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि प्रवेशानंतर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज भरा. यामुळे खासगी कॉलेजही तुमच्या विचारात येऊ शकतं. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र धरावा लागेल.

आता ड्रॉप. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नकोस. सीईटीचा निकाल त्याच वर्षापुरता असतो, म्हणजे पुढच्या वर्षी हे 98.2 हिशेबात नसतील. 98.2 वरून 99.8 वर जायचं म्हणजे सात हजारांची रांग ओलांडून पहिल्या हजारात यायचं. 200 मार्कांचा पेपर, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि गणिताच्या एकेका प्रश्नाला दोन मार्क. इतक्या वर एक-दोन चुकाही शेकडो जागा मागे टाकतात. काही मुलं करतात, मी बघितली आहेत. ती बहुतेक अशी की ज्यांची परीक्षा आजारपणाने किंवा घरातल्या प्रसंगाने हुकली होती. तू लिहिलंयस की मॉकमध्येही 97 ते 98.5 येत होते. म्हणजे तुझा निकाल हुकलेला नाही, तो तुझ्या तयारीचाच आहे, आणि तो चांगला आहे. तीन-चार लाखांत पहिल्या दोन टक्क्यांत आलेल्या मुलीला घरात कुणी ‘राहिलं’ म्हणत असेल, तर हे उत्तर त्यांना वाचून दाखव.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की त्यात आधी स्वतःचा प्रवर्ग, लिंग आणि होम युनिव्हर्सिटी बरोबर आहे का ते तपास. तक्रारीला फार दिवस नसतात. पहिल्या फेरीआधी यादी करून इथेच टाक, मी क्रम बघून देते.