वाचकांचे प्रश्न : ऱ्योकानमधील मुक्काम

प्रश्न : आम्ही शाकाहारी पतिपत्नी जपानमध्ये हाकोने येथे ऱ्योकानमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांच्या पारंपरिक निवासात, उतरणार आहोत. सामूहिक स्नानाचा संकोच वाटतो. काय करावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : आमच्या मते स्नानापेक्षा जेवणाची काळजी आधी करावी. तेथील भाज्यांच्या सारातही बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो; त्यामुळे केवळ ‘मांस नको’ असे न सांगता मासे व त्यांचा अर्कही चालत नसल्याचे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे, कारण ऐनवेळी बदल करणे स्वयंपाकघराला सहसा जमत नाही. स्नानाची दालने बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असतात, मात्र कुंडात वस्त्रे सहसा चालत नाहीत आणि बाहेर साबणाने अंग धुतल्यावरच उतरायचे असते. हेही अवघड वाटल्यास अनेक ऱ्योकानांत ठरावीक वेळेसाठी खासगी कुंड मिळते.