ब्रेक ऑइल दर पंधरवड्याला कमी होते, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. गळती कुठे शोधावी?

तुम्ही लिहिले आहे की गाडी 2004 ची झेन आहे, ऑइलची डबी दोन-तीन आठवड्यांत ‘मॅक्स’च्या खुणेवरून ‘मिन’पर्यंत उतरते, आणि गॅरेजमध्ये गाडी उचलून चारही चाके आतल्या बाजूने पाहिली तरी कुठे ओल सापडली नाही, म्हणून ‘पॅड झिजत असतील, ऑइल भरत राहा’ असे तुम्हाला सांगण्यात आले. जुन्या गाड्यांच्या ब्रेकचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि माझे स्पष्ट मत असे आहे की गळती सापडेपर्यंत ही गाडी रस्त्यावर काढू नये.

पॅड झिजल्यावर डबीतली पातळी उतरते हे खरे आहे, पण ती किती उतरते याचा हिशेब करून पाहा. पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनचा व्यास साधारण 50 मिलीमीटर धरला, तर त्या चाकाचे दोन्ही पॅड मिळून 1 मिलीमीटर झिजल्यावर पिस्टनमागे जेमतेम 2 मिलीलीटर जास्तीचे ऑइल मावते. दोन्ही चाकांचे मिळून 4 मिलीलीटर. एवढी झीज व्हायला हजारो किलोमीटर जावे लागतात. शिवाय ब्रेक ऑइल पेट्रोलसारखे उडून जात नाही. म्हणजे तुमच्या गाडीतले ऑइल बाहेर पडतेच आहे, आणि जमिनीवर पडत नसेल तर ते गाडीतच कुठेतरी मुरते आहे. त्यामुळे ते कुठून ठिबकते यापेक्षा गाडीतली कोणती जागा ते पिऊन टाकू शकते, या दृष्टीने शोध घ्यावा. अशा जागा मोजक्याच आहेत.

पहिली जागा म्हणजे मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम. व्हील सिलिंडरची (ड्रममध्ये ऑइलच्या दाबाने ब्रेक शू बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्याची) रबरे थकली की ऑइल थेंबाथेंबाने आत पाझरते, लायनरची, म्हणजे शूवरच्या घर्षणपट्टीची, भुकटी ते शोषून घेते आणि त्याचा काळा चिकट लगदा ड्रममध्येच साठत राहतो. मागच्या प्लेटच्या खालच्या कडेवर किंवा टायरच्या आतल्या भिंतीवर ओघळ येईपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून चाके बाहेरून पाहून ‘ठीक आहे’ म्हणणे पुरेसे नाही. पुढच्या चाकांना लाकडी गुटके लावा, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा आणि दोन्ही ड्रम काढून घ्या. आतली भुकटी हवेने उडवू नका, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. मग व्हील सिलिंडरच्या टोकांवरची धूळरोधक रबरी टोपी बोथट स्क्रूड्रायव्हरने किंचित उचला. आत नुसता दमटपणा असेल तर फारसे काळजीचे कारण नाही, पण कड उचलताच ऑइल बाहेर आले तर तो सिलिंडर गेला असे समजा. ऑइल प्यायलेले शू पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती मला मुळीच मान्य नाही. लायनर गरम झाले की मुरलेले ऑइल पुन्हा वर येते आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. शू दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

दुसरी जागा ब्रेक बूस्टर, म्हणजे इंजिनच्या ओढीने पेडलचा जोर वाढवणारा डबा, आणि ऑइल कमी होते पण कुठेच दिसत नाही अशा तक्रारीत माझा पहिला संशय हिच्यावरच असतो. मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या, डबीखालच्या सिलिंडरच्या) मागच्या टोकाचे सील निकामी झाले की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात उतरते. तिथे इंजिनची ओढ असल्यामुळे थोडे ऑइल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात जाऊन जळते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. उरलेले तळाशी साचून आतला रबरी पडदा खराब करते. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे जोडला जातो तिथे खालच्या बाजूला टॉर्च मारा. बूस्टरचा काळा रंग फुगलेला किंवा सोललेला दिसला तर तो ब्रेक ऑइलचाच उद्योग आहे. मात्र डबी ज्या रबरी बुशांवर बसते ती कडक झाली असतील, तर तिथून ओघळलेले ऑइलही याच जागी पोचते, तेव्हा बुशही तपासा. खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे व्हॅक्यूम निघून जाईल. मग मास्टर सिलिंडरचे नट काढून, पाइप न सोडता आणि न वाकवता, तो जेवढा सहज येईल तेवढाच पुढे सरकवा. मागचे तोंड कोरडे असायला हवे.

तिसरी जागा मागच्या चाकांकडे जाणारी स्टीलची बारीक पाइप. किनाऱ्याजवळ किंवा कोकणात वापरलेल्या गाडीत ती आधी क्लिपांखाली गंजते, कारण चिखल आणि खारट ओल तिथेच अडकून राहते. वरून अंडरबॉडी कोटिंग मारलेले असेल तर पाझरलेले ऑइल त्या थराखाली पसरत जाते. क्लिप सोडवून पाइप फडक्याने पुसून पाहा. गंजलेला तुकडा कापून मध्ये जोड देऊ नये आणि साध्या तांब्याची नळीही वापरू नये, ती कंपनाने तडकते. पूर्ण पाइप बदलावी.

सापडलेली ओल ब्रेक ऑइलचीच आहे का, हेही ठरवावे लागते, कारण मागचा शॉकॲब्सॉर्बर गळत असला तरी डाग तसाच दिसतो. बोटावर थोडे घेऊन पाण्यात बुडवा. डॉट 3 किंवा डॉट 4 दर्जाचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, शॉकॲब्सॉर्बरचे तेल वर तरंगते. नंतर हात लगेच धुवा आणि गाडीच्या रंगावर एक थेंबही राहू देऊ नका.

गॅरेजमध्ये गळती न दिसण्याचे आणखी एक कारण आहे. व्हील सिलिंडरमधल्या रबराची कड दाबाखाली भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे कोणी पेडल जोराने दाबून धरले असताना ते रबर चांगले वागते आणि गाडी रात्रभर थंड उभी राहिली की पाझरते. स्टीलची पाइप आणि चाकाकडे जाणारी लवचीक रबरी होज यांचे नेमके उलट असते. ते दाब आल्यावरच फुटक्या जागेतून सोडतात. म्हणून तपासणी दोन्ही प्रकारे करावी. सगळे जोड, ब्लीडिंगची निपले (ब्रेकमधली हवा काढायची तोंडे) आणि होजची टोके धुऊन कोरडी करा, सपाट जागी डबीवर मार्करने पातळीची रेघ मारा, आणि एक रात्र गाडी तशीच ठेवा. दुसऱ्या रात्री पेडल आणि सीट यांच्यात काठी अडकवून पेडल दाबलेले ठेवा. सकाळी सगळीकडे पांढरा टिश्यू पेपर फिरवा. जुन्या रबरी होजला पकडीने चिमटा घेऊन गळतीची बाजू शोधण्याची युक्ती काही जण सुचवतील, पण वीस वर्षांची होज आतून फाटते. ती बदलायचीच असेल तरच हे करा.

दुरुस्तीनंतर झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे, सीलबंद बाटलीतले ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा, आणि मास्टर सिलिंडर बदलावा लागला तर बूस्टरच्या पोटात ऑइल साचलेले नाही ना, हे नवा सिलिंडर बसवण्यापूर्वी नक्की पाहा. ते साचले असेल आणि इंजिन बंद असताना दाबलेले पेडल इंजिन सुरू केल्यावर किंचित खाली जात नसेल, तर बूस्टरही बदलावा लागेल.