१७ मार्चच्या आधी १ फेब्रुवारी येते

तुम्ही विचारलंय की डब्लिनमधला तुमचा हा पहिलाच हिवाळा, साताऱ्याहून आई-बाबा महिनाभर राहायला येणार, तर तिकिटं १७ मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे धरून काढावीत का, की त्याशिवायही काही असतं. जमत असेल तर त्यांना जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आणा. थंडीच्या भीतीने मार्च धरणार असाल, तर मार्चमध्येही स्वेटर उतरत नाही आणि पावसाचा भरवसा दोन्ही वेळी सारखाच नसतो.

इथल्या जुन्या हिशेबाने वसंत १ फेब्रुवारीला लागतो. ख्रिस्ती धर्म येण्याआधी या दिवसाला इंबॉल्क म्हणत. पुढे तो संत ब्रिजिडचा झाला, पण सण राहिला शेतकऱ्याचाच. मेंढ्या विण्याचे दिवस आलेले, दूध पुन्हा सुरू होणार, आणि डिसेंबरात चारलाच पडणारा अंधार आता पाचच्या पुढे सरकलेला. ऑफिसातले लोक या सुमारास खिडकीबाहेर बघत ‘संध्याकाळ लांबली’ असं एकमेकांना सांगू लागतात आणि मार्च संपेपर्यंत रोज सांगतात. त्यात कोणी चेष्टा करत नाही, तुम्हीही मान डोलवा.

२०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टी मिळते. फेब्रुवारीचा पहिला सोमवार. १ तारीख शुक्रवारी आली तर तोच शुक्रवार. एका बाईच्या नावाने असलेली ही देशातली पहिली सार्वजनिक सुट्टी. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ती नसते, बेलफास्टचा बेत असेल तर लक्षात ठेवा.

आई-बाबांना किल्डेअरला न्या. ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेनने तासाभराच्या आत पोचता. ब्रिजिडचा मठ तिथलाच. बाराव्या शतकात आलेल्या जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकाने लिहून ठेवलंय की तिथला अग्नी १९ जोगिणी पाळीपाळीने राखत आणि विसाव्या रात्री तो खुद्द ब्रिजिडवर सोपवून निघून जात. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या धामधुमीत तो विझला. १९९३ मध्ये ब्रिजिडाइन सिस्टर्स या जोगिणींच्या संघाने पुन्हा पेटवला, आणि आता गावच्या चौकातही त्याची ज्योत आहे. गावाबाहेर टलीला ब्रिजिडची विहीर आहे. तिथल्या झाडाला लोकांनी कापडाच्या चिंध्या बांधलेल्या असतात, कोणाच्या आजारासाठी, कोणाच्या मुलासाठी. आईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ब्रिजिडचा क्रॉस मात्र स्वतः विणा, दुकानातून आणू नका. ओल्या रानात उगवणाऱ्या, लव्हाळ्यासारख्या गोल हिरव्या काड्या असतात, त्यांना इथे ‘रश’ म्हणतात. त्या चाकूने कापत नाहीत, उपटतात. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर आडवी अडकवायची. सगळं पाव वळण फिरवायचं, पुन्हा एक दुमडलेली काडी आधीच्यांवर अडकवायची, पुन्हा पाव वळण. अंगठा मधल्या चौकोनावरून हलू द्यायचा नाही, तो सुटला की सगळं सुटतं. दहा-बारा काड्यांनंतर मधला चौकोन नीट दिसू लागतो. चारी टोकं दोऱ्याने बांधून कात्रीने सारखी करायची. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी विणून तो दारावर लावतात. घराला आग लागत नाही अशी श्रद्धा. मरणाच्या दारातल्या एका सरदाराजवळ बसून ब्रिजिडने जमिनीवर पसरलेल्या काड्यांतून पहिला क्रॉस विणला, अशी कथा सांगतात. त्याच रात्री एक कापड बाहेर झुडपावर किंवा खिडकीत ठेवायचं. रात्री ब्रिजिड फिरते, तिचा हात त्याला लागतो, आणि मग ते वर्षभर डोकेदुखीवर बांधायला जपून ठेवतात. घरातला एखादा जुना रुमाल चालतो.

गाडी असेल आणि सलग सुट्टी हाताशी असेल तर केरी परगण्यात किलॉर्ग्लिनला जा. तिथे ‘बिडी’, म्हणजे ब्रिजिडच्या नावाने सोंगं घेतलेल्या टोळ्या, निघतात. अंगात पांढरे कपडे, डोक्यावर गवताच्या विणलेल्या उंच टोप्या, तोंड झाकलेलं, सोबत वादक आणि ब्रिजिडची बाहुली. पूर्वी ही मंडळी घरोघर जाऊन नाचत आणि पैसे घेत. कोकणातल्या माणसाला शिमग्याची सोंगं आठवल्याशिवाय राहणार नाहीत. डब्लिनहून चारेक तासांचा रस्ता आहे, बाबांची कंबर बघून ठरवा.

आता १७ मार्च. तो वाईट नाही, पण तुम्ही टीव्हीवर बघता ते बरंचसं अमेरिकेतून परत आलेलं आहे. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची, आणि डब्लिनमधली पहिली सरकारी मिरवणूक १९३१ ची. हल्लीचा अनेक दिवस चालणारा महोत्सव १९९६ पासून. इथे तो दिवस मुळात चर्चचा होता. सुट्टी १९०३ मध्ये मिळाली, आणि १९२७ च्या कायद्याने तर त्या दिवशी पबच बंद केले, ते साठच्या दशकापर्यंत. जुने लोक सांगतात की तेव्हा डब्लिनमधल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात दारू मिळायची, त्यामुळे श्वानप्रेमींची संख्या त्या दिवशी फार वाढायची. त्यातली गंमत अशी की १७ मार्च दर वर्षी लेंटमध्येच, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातच येतो, आणि त्या दिवसापुरती उपवासातून सूट असे. पिण्याच्या परंपरेचं मूळ बरंचसं इथे आहे.

आई-बाबांना घेऊन डब्लिनच्या मिरवणुकीला उभं राहू नका. ती दुपारी बाराला निघते, पण पुढची जागा हवी तर दहापासून पाय मोडायचे, आणि बसायची सोय नाही. त्यापेक्षा जवळच्या एखाद्या छोट्या गावाची मिरवणूक बघा. ट्रॅक्टर, अग्निशमन दलाचा बंब, जीएए (आयरिश देशी खेळांची संघटना) क्लबची जर्सी घातलेली पोरं, आयरिश नृत्याचे वर्ग, शाळेचा बँड. पाऊण तासात सगळं आटोपतं आणि चहाला घरी येता येतं. केरीतल्या डिंगलला तर मिरवणूक पहाटे ६ वाजता अंधारातच निघते, पण ती हौसेची गोष्ट.

तुमचा मुलगा शाळेत जात असेल तर १ ते १७ मार्च आयरिश भाषेचा उत्सव, ‘शाख्तिन ना गेलिगा’, तुमच्या घरी येणारच. एखादं आयरिश गाणं पाठ करून घ्यावं लागेल, तयारी ठेवा.

खाण्याचं: कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) हे अमेरिकन आयरिशांचं, इथे त्या दिवशी डुकराचं बेकन आणि कोबी. आई-बाबा शाकाहारी असतील तर सोडा ब्रेड, लोणी आणि बटाटा यांच्यावर भागतं. अंडं चालत असेल तर लेंटच्या आदल्या मंगळवारी घरोघरी पॅनकेक होतात, लिंबू आणि साखर घालून. ती तारीख दर वर्षी बदलते, कॅलेंडर बघा.

क्रॉस विणायच्या वर्गात जागा थोड्या असतात, ख्रिसमस झाला की चौकशी सुरू करा. आणि बाबांसाठी पाणी न शिरणारे बूट इथेच घ्या; विहिरीभोवतीचं गवत फेब्रुवारीत कधीच कोरडं नसतं.