‘तात्पुरतं बंद’ म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत?

सदर : सिस्टरांना विचारा
(निवृत्त परिसेविका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात अकरा वर्षं आशा म्हणून काम करते. आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गणपतीच्या आधीपासून सिझर बंद आहे. आधी भूल देणारे डॉक्टर बदलून गेले. मग स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आठवड्यातून दोनच दिवस येऊ लागल्या. आता साधी बाळंतपणंही घेत नाहीत, ‘रिस्क आहे, पुढे न्या’ म्हणतात. लेबर रूमला कुलूप आहे आणि दारावर कागद चिकटवलाय : ‘तांत्रिक कारणास्तव प्रसूती विभाग तात्पुरता बंद.’ पुढे म्हणजे ओरोसला जिल्ह्याचं रुग्णालय, नाहीतर थेट गोव्यात बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय. गेल्या महिन्यात एक बाई वाटेत गाडीतच मोकळी झाली. लोक मला बोलतात, ‘सरकारी दवाखान्यात चला म्हणून तूच मागे लागायचीस ना?’ आम्ही बायकांनी मिळून काहीतरी करायचं ठरवलंय. मोर्चा काढू की उपोषणाला बसू?
— एक आशाताई

उत्तर : ताई, मोर्चा की उपोषण ते मागाहून ठरवू. आधी त्या दारावरच्या कागदाचा फोटो काढा, आजच. त्यावर तारीख, जावक क्रमांक, सही, शिक्का यांतलं काय काय आहे ते बघा. बहुधा काहीच नसेल.

मी ३३ वर्षं सरकारी नोकरीत काढली, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये. प्रसूती विभाग कायमचा बंद करा, असा आदेश माझ्या हातात एकदाही पडला नाही. पण विभाग बंद पडलेले मी पाहिलेत. ते कसे पडतात ते तुमच्या पत्रात जसंच्या तसं आलंय. भूलतज्ज्ञ गेला की सिझर थांबतं. सिझर थांबलं की स्त्रीरोगतज्ज्ञाला तिथे फारसं काम उरत नाही, मग त्यांना प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठवतात. पाठीशी कोणी नाही म्हटल्यावर साधं बाळंतपण घ्यायलाही कोणी धजावत नाही. रजिस्टरची पानं कोरी राहतात. आणि वर्षाअखेरीला वरून विचारणा होते, इथे बाळंतपणंच होत नाहीत, मग एवढा स्टाफ कशाला? कागदोपत्री विभाग चालूच असतो. म्हणून ‘बंद का केला’ असं विचारायला गेलात की ‘बंद कुठाय?’ असं उत्तर मिळतं.

माझ्या स्वतःच्या तालुक्यात २०१७ च्या पावसाळ्यात हेच झालं. मी नुकती निवृत्त झाले होते. लेबर रूमची फरशी उखडली होती, ती बदलायची म्हणून दोन महिने बंद, असं तोंडी सांगितलं. आम्हीही मान डोलावली. फरशी खरंच खराब होती, मीच तिच्यावर दोनदा घसरले होते. दोन महिन्यांत फरशी बसली, दार मात्र उघडलं नाही. त्या दिवाळीत मी एक दोनशे पानी वही घेतली आणि रेघा मारून रकाने पाडले : बाईचं वय, कितवी खेप, दवाखान्याच्या दारात किती वाजता आली, किती वाजता पुढे पाठवलं, गाडी कोणती, पैसे किती गेले, जिल्ह्याला किती वाजता पोचली, आई कशी, बाळ कसं. नाव लिहायचं नाही, फक्त गाव. तुमच्यासारख्या सात आशाताई संध्याकाळी फोनवर माहिती सांगायच्या. उन्हाळ्यापर्यंत ३७ ओळी भरल्या. बैठकीत साहेब म्हणाले, ‘एखाद-दुसरी केस असेल.’ मी वही टेबलावर उघडून ठेवली. त्यांनी पाच-सहा पानं उलटली आणि ‘ही माझ्याकडे राहू दे’ म्हणाले. मी म्हटलं, झेरॉक्स देते, वही नाही. त्यानंतर अडीच महिन्यांनी दार उघडलं.

ताई, त्या वहीत वेळेचे रकाने सोडू नका. का, ते सांगते. एका रात्री आमच्याकडे एक बाई बाळंत झाली. बाळ छान रडलं, पण वार पडेना आणि रक्त थांबेना. डॉक्टर नव्हते, रक्ताची पिशवी नव्हती. जीपच्या मागच्या बाकावर तिला आडवी केली. एक हात आत घालून मूठ वळली, दुसरा हात पोटावर ठेवला आणि गर्भाशय दोन्हींच्या मध्ये दाबून धरलं. घाटाच्या प्रत्येक वळणावर माझा खांदा जीपच्या लोखंडी पट्टीवर आदळत होता. हात सैल केला की मनगटावर गरम धार लागायची, म्हणून सैल करायचाच नाही. ५० मिनिटं. पोचल्यावर माझी बोटं उघडेनात, तिथल्या सिस्टरने एकेक करून सरळ केली. ती बाई वाचली. बाळंतपणानंतरचा असा रक्तस्राव रोखला नाही तर बाईच्या हातात सरासरी दोन तास असतात. तेव्हा ‘पुढे न्या’ म्हणणाऱ्याला पुढे म्हणजे किती मिनिटं, हे विचारायला हवं. किलोमीटर सांगून उपयोग नाही. पावसाळ्यात, रात्री, गाडी यायला लागलेला वेळ धरून मिनिटं सांगा.

आता कागदपत्रांचं. माहिती अधिकारात अर्ज करा. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन अर्ज करा. पहिल्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणतं पद कोणत्या तारखेपासून रिकामं आणि कोण कुठे प्रतिनियुक्तीवर आहे, एवढंच. दुसऱ्यात मागच्या तीन वर्षांची महिनावार बाळंतपणं, सिझर आणि पुढे पाठवलेल्या बायकांची संख्या, कारणासह. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. याच कायद्याचं कलम ४ असं सांगतं की ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणं कळवायला हवीत. ‘तांत्रिक कारणास्तव’ हे कारण झालं का, हे त्याच कलमाच्या आधारे विचारता येतं.

एक मुद्दा मात्र अर्जाची वाट न बघता लगेच मांडा, कारण त्याला उत्तर नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात भूलतज्ज्ञ नसतो, तरी तिथे बाळंतपणं होतात, प्रशिक्षित नर्स घेतात. मग भूलतज्ज्ञ नाही म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात साधं बाळंतपणही का घेत नाहीत? पहिली मागणी तीच ठेवा : लेबर रूम उद्या उघडा. दुसरी मागणी : भूलतज्ज्ञ मिळेपर्यंत जिल्ह्याहून ठरलेल्या वारी पाठवा, किंवा खासगी भूलतज्ज्ञाला दर केसमागे मानधन देऊन बोलवा. हे दोन्ही सरकारी व्यवस्थेत बसतं, नवीन काही मागत नाही आपण. तिसरी : विभाग पूर्ण कधी सुरू होणार ती तारीख, लेखी.

तारखेवर मी एवढी अडून बसते त्याला आणखी एक कारण आहे. माझी भाची इंग्लंडमध्ये सुईण आहे, तिच्याकडून मला बॅनबरी गावाची हकिगत कळली. तिथल्या हॉर्टन रुग्णालयातला प्रसूती विभाग मोठ्या रुग्णालयात हलवायचा प्रस्ताव २००८ मध्ये स्वतंत्र समितीने फेटाळला होता, लोक जिंकले होते. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये डॉक्टर मिळत नाहीत म्हणून तिथला तज्ज्ञांचा विभाग ‘तात्पुरता’ बंद केला. फक्त सुईणींचा कक्ष उरला, अडलेल्या बाईला ऑक्सफर्डला न्यायचं. लोकांनी मोर्चे काढले, नगरपालिकाही कोर्टात गेल्या. २०१९ मध्ये तो निर्णय कायमचा झाला. इतकी श्रीमंत व्यवस्था, पण शब्द तोच आणि वाटही तीच. उलट लंडनमधल्या लुईशॅमच्या लोकांनी २०१३ मध्ये कोर्टात जिंकून आपली अपघात आणि प्रसूती सेवा वाचवली. तिथे मंत्र्यांचा लेखी निर्णय होता आणि तो घ्यायचा अधिकारच त्यांना नव्हता, हे न्यायालयासमोर सिद्ध झालं. कागदावर निर्णय असला की त्याच्याशी भांडता येतं.

आपल्याकडेही न्यायालयाचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेवर दिले नाहीत तर तो जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. निवेदनात हे वाक्य जरूर घाला.

आणि ताई, बांबोळीवर विसंबू नका. तिथल्या डॉक्टरांनी आपल्या कितीतरी बायका वाचवल्यात, त्यांचे उपकार आहेतच. पण ते दुसऱ्या राज्याचं रुग्णालय आहे. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं, तेव्हा तुमच्या जिल्ह्याची काय धावपळ झाली ते तुम्ही पाहिलंय.

शेवटी तुमच्या स्वतःबद्दल. निवेदनावर पहिली सही तुमची नको. तुमचं मानधन त्याच कार्यालयातून निघतं. सरपंचबाईंना पुढे करा, बचत गटांना घ्या, ग्रामसभेत ठराव करून घ्या. एका गावाच्या ठरावाने काही हलत नाही, पण वीस गावांचे ठराव एकाच दिवशी तहसीलदारांच्या आवकमध्ये पडले की फोन फिरू लागतात. तुम्ही वही सांभाळा. मोर्चा त्यानंतर काढा, आणि त्यात वाटेत मोकळ्या झालेल्या त्या बाईला उभं करू नका, तिने स्वतः म्हटल्याखेरीज.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. लोक चिडले की पहिला दगड आमच्या काचेवर येतो. भूलतज्ज्ञ नसताना मी सिझरला हात लावला आणि काही झालं तर मला कोण वाचवणार? रुग्णाला पुढे पाठवणं हाच गुन्हा ठरतोय.
— एक डॉक्टर, मराठवाडा

उत्तर : डॉक्टर, तुमचं म्हणणं बरोबर आहे. भूलतज्ज्ञाशिवाय पोट उघडायला मी कोणत्याही डॉक्टरांना सांगणार नाही. जिथे वर्षाला दहा-बारा सिझर होतात तिथे हातही बसत नाही, हेही खरं. पण एक विनंती आहे. रेफर चिठ्ठीवर ‘उच्च केंद्रात पाठवले’ एवढंच लिहू नका. ‘भूलतज्ज्ञाचं पद अमुक तारखेपासून रिक्त असल्याने पाठवले’ असं लिहा, वेळ लिहा, पुढच्या रुग्णालयाला फोन केला असेल तर कोणाशी बोललात ते लिहा. तुमच्या हाताखालून गेलेली अशी प्रत्येक चिठ्ठी उद्या तुमचा बचाव आहे आणि त्या तालुक्याच्या बायकांचाही. माझ्या नोकरीत एका तरुण डॉक्टरांनी हे सहा महिने न चुकता केलं. त्यांना वरून तंबीही मिळाली. पण माहिती अधिकारात जेव्हा चिठ्ठ्या मागितल्या गेल्या, तेव्हा दोष कुणाचा ते कुणाला विचारावं लागलं नाही.

दगडाचं म्हणाल, तर आंदोलन करणाऱ्या प्रत्येक गटाला मी हेच सांगते की डॉक्टरांच्या काचा फुटल्या तर पुढचा डॉक्टर त्या गावाची ऑर्डर रद्द करून घेतो. क्वार्टर गळतंय का, पाणी येतं का, डॉक्टरांच्या मुलांना शाळा जवळ आहे का, हे विचारायला गावाने एकदा तुमच्या दारात यायला हवं.

प्रश्न : सुनेला आठवा लागलाय. पहिलं सिझर झालेलं आहे. आमच्या तालुक्याला आता सिझर होत नाही. आंदोलन होईल तेव्हा होईल, आम्ही काय करावं?
— एक सासूबाई, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, पहिलं सिझर असेल तर कळा सुरू व्हायची वाट बघायची नाही. याच आठवड्यात तिला जिथे सिझर होतं आणि रक्त मिळतं अशा सरकारी रुग्णालयात दाखवा, तिथे नाव नोंदवा, आणि तारखेच्या किती दिवस आधी यायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. त्या गावात नातलग असतील तर शेवटचे पंधरा दिवस तिथे राहू द्या. रक्तगट आजच विचारून ठेवा आणि त्या गटाची घरातली दोन माणसं तयार ठेवा.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे. एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवलं तरी गाडी फुकट. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. ड्रायव्हरने डिझेलचे पैसे मागितले तर गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या, भांडण वाटेत नको, मागाहून तक्रार करा.

डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर पाणी किंवा रक्त जाणं, जुन्या टाक्यांच्या जागी दुखणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांतलं एकही झालं तर सकाळ होऊ द्यायची नाही. पहिल्या सिझरची फाइल पिशवीत घाला, आणि गाडीत तिला डाव्या कुशीवर झोपवा.