वाऱ्याच्याच दिशेने जाणारी गाडी वाऱ्यापेक्षा वेगाने धावू शकते का?

आपला प्रश्न असा आहे : इंजिन, बॅटरी किंवा साठवलेली कोणतीही ऊर्जा नसलेली, केवळ वाऱ्यावर चालणारी गाडी सरळ वाऱ्याच्या दिशेने जाताना वाऱ्यालाच मागे टाकू शकते काय; आणि गाडीचा वेग वाऱ्याएवढा झाला की गाडीतल्या माणसाला वारा जाणवेनासाच होतो, तर त्यापुढे तिला ढकलणार कोण? यावरून आपल्या मित्रमंडळींत दोन तट पडले आहेत, असेही आपण लिहिले आहे.

अशी गाडी शक्य आहे, आणि तिचा वेग प्रत्यक्ष मोजलाही गेला आहे. ‘अशक्य’ म्हणणाऱ्या मित्रांची मात्र टिंगल करू नका. मी यंत्र अभियांत्रिकी शिकलेला असूनही हा प्रश्न प्रथम ऐकला तेव्हा दोन दिवस ठामपणे त्यांच्याच बाजूने वाद घालत होतो.

1969 मध्ये अँड्र्यू बाउर या अमेरिकी अभियंत्याने अशी गाडी बांधली होती. पण तिची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे रिक कॅव्हालेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्लॅकबर्ड’ नावाची गाडी तयार केली, आणि 2010 मध्ये कॅलिफोर्नियातील एल मिराज या कोरड्या तलावाच्या सपाट पात्रावर तिने वाऱ्याच्या सुमारे 2.8 पट वेग गाठला. नॉर्थ अमेरिकन लँड सेलिंग असोसिएशनने त्या विक्रमाला मान्यता दिली. तरीही वाद मिटला नाही. 2021 मध्ये विज्ञानविषयक चित्रफिती करणारे डेरेक म्यूलर यांनी ती गाडी स्वतः चालवून दाखवल्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर कुसेन्को यांनी आक्षेप घेतला, दोघांत 10,000 डॉलरची पैज लागली आणि अखेरीस प्राध्यापकांनी ती हरल्याचे मान्य करून रक्कम दिली. असे मोकळेपणाने मान्य करणे वादविवादांत क्वचितच पाहायला मिळते.

आता मूळ मुद्दा. गाडीवरचा मोठा पंखा पाहून जवळजवळ प्रत्येकाचा समज होतो की ही पवनचक्की आहे : वारा पंखा फिरवतो आणि पंखा चाके फिरवतो. इथे नेमके उलट घडते. चाके जमिनीवर फिरतात, चाकांना जोडलेली साखळी पंखा फिरवते आणि पंखा विमानाच्या पंख्याप्रमाणे हवा मागे ढकलतो. हे ऐकताच दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनदार आहे : चाकांनी पंखा फिरवायचा आणि पंख्याने गाडी ढकलून चाके फिरवायची, हे तर स्वतःच्या शेंडीला धरून स्वतःला उचलण्यासारखे झाले!

याचे उत्तर आकड्यांतच पाहावे लागते. वाऱ्याचा वेग सेकंदाला 10 मीटर आणि गाडीचा 15 मीटर आहे, असे समजा. पंखा फिरवण्याच्या कामामुळे जमीन चाकांना 100 न्यूटन बलाने मागे खेचत आहे. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून चाकांकडून 1500 वॉट मिळतात. त्यातील निम्मे साखळीत आणि पंख्यात वाया गेले तरी 750 वॉट उरतात. पण पंखा ज्या हवेला ढकलतो ती गाडीच्या तुलनेत सेकंदाला केवळ 5 मीटर वेगाने मागे जात असते, आणि 750 ला 5 ने भागले की 150 न्यूटन येतात. मागे खेचणारे बल 100, पुढे ढकलणारे 150; म्हणजे निम्मी शक्ती गमावूनही गाडीचा वेग वाढतच राहतो. हाच हिशेब सेकंदाला 20 मीटर वेगासाठी केल्यास दोन्ही बले 100 न्यूटन होतात आणि वेग तिथे स्थिरावतो. (गाडीच्या सांगाड्याला होणारा हवेचा विरोध मी इथे धरलेला नाही, तो धरला की मर्यादा आणखी खाली येते.) आता वारा पूर्ण थांबला असे धरा. 15 मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीसमोर हवाही 15 मीटर वेगाने येईल, तेच 750 वॉट आता केवळ 50 न्यूटन देतील, आणि गाडी हळूहळू थांबेल. म्हणून हे ‘शाश्वत गतीचे यंत्र’ नव्हे. ऊर्जा येते ती जमीन आणि हवा यांच्या वेगांतील फरकातून, आणि गाडीचा वेग कितीही असला तरी तो फरक कायम असतो. ‘गाडीत वारा जाणवत नाही, म्हणजे ऊर्जा संपली’ या युक्तिवादात जमिनीचा विसर पडतो. त्या क्षणीही जमीन चाकांखालून सेकंदाला 10 मीटर वेगाने मागे सरकत असतेच.

काही जण लहान प्रतिकृती व्यायामाच्या ट्रेडमिलवर चालवून दाखवतात. बंद खोलीत हवा स्थिर असते, पट्टा मागे सरकत असतो आणि गाडी त्या पट्ट्यावर पुढे जाते. ‘पण इथे वारा कुठे आहे?’ हा त्यावरचा नेहमीचा प्रश्न. हवा स्थिर आणि जमीन मागे जाणारी, किंवा जमीन स्थिर आणि हवा पुढे जाणारी, या दोन स्थितींत यांत्रिकीच्या दृष्टीने काहीही फरक नाही, हे गॅलिलिओपासून मान्य झालेले तत्त्व आहे. उलट, वाऱ्याचा झोत अचानक वाढला किंवा उंचीवर वारा जास्त होता, या शंकांना तिथे जागाच उरत नाही.

मित्रांना आकडेमोड पटली नाही तर घरातली पतंगाची फिरकी काढा. तिच्यावर इतकाच दोरा ठेवा की त्याच्या गुंडाळीची त्रिज्या दोन्ही बाजूंच्या चकत्यांच्या त्रिज्येच्या निम्मी असेल. फिरकी टेबलावर चकत्यांवर उभी करा, दोरा गुंडाळीच्या खालच्या अंगाने बाहेर येऊ द्या आणि तो टेबलाला समांतर धरून हळूच स्वतःकडे ओढा. दोरा सुटत जाईल असे वाटते. प्रत्यक्षात फिरकी आपल्याकडे गडगडत येते आणि दोरा गुंडाळत जाते. हात 10 सेंटिमीटर सरकला की फिरकी 20 सेंटिमीटर येते, म्हणजे तिला ओढणाऱ्या दोऱ्यापेक्षाच ती दुप्पट वेगाने चालते. इथे दोरा म्हणजे वारा आणि टेबल म्हणजे जमीन. दोरा फार वर उचलू नका, कारण एका ठरावीक कोनानंतर फिरकी उलट दिशेला पळते आणि मग वाद नव्याने सुरू होतो.